रिकामा काटा

१९ मार्च २०२४, अहेरी
काम मिळालं! भामरागडकडच्या येरमेटोल्यात सरकारनं हमीभावानं मोहफूल घ्यायचं केंद्र उघडलं आहे. दोन हंगाम झाले, खरेदी जवळजवळ शून्य. ते ठेवायचं की बंद करायचं, याचा अहवाल मी द्यायचा. ‘बाजारात सरकारचा हस्तक्षेप’ हे प्रकरण कॉलेजात जन्मभर शिकवलं. आता प्रत्यक्ष बघू. कार्यालयातले साहेब म्हणाले, निष्कर्ष तयारच आहे मॅडम, तुमची फक्त सही. सही मी शेवटी करते, असं सांगून आले.

२२ मार्च, येरमेटोला
काम ठप्प. अंगणोअंगणी फूल वाळतंय, पण विक्री नाही. पंडुम व्हायचा आहे — नव्या मोहफुलाचा सण. तो होईपर्यंत एक फूल शिवेबाहेर जात नाही. दिवस ठरवणार झिंगू, गावचा पुजारी. कधी, म्हणून विचारलं. त्यानं झाडाकडे पाहिलं आणि विडी पेटवली.
मी चिडले. सोमारीच्या घरी उतरले आहे, ती बचतगटाची अध्यक्ष. तिला हसू आवरेना. “बाई, तुमच्या कॉलेजात घंटी वाजल्याबिगर पेपर देत होते काय?”

२८ मार्च
पंडुम काल झाला. आज सकाळीच गुणवंतरावांचा टेम्पो हजर. अहेरीचे व्यापारी. थेट अंगणात येऊन खरेदी, भाव केंद्राएवढाच, पैसे रोख. मग डोक्यावर टोपलं घेऊन केंद्रापर्यंत कोण चालेल? तिथला कारकून टेबलावर डोकं टेकून झोपला होता.
गुणवंतराव मला म्हणाले, “म्याडम, सरकारच्या काट्यावर माशा बसून राह्यल्या. मी कोणाले रोकलं काय?”
नाही रोखलं. साहेबांचं म्हणणं खरंच दिसतंय. तरी टोचतंय — हा माणूस एवढ्या प्रेमानं दारापर्यंत येतो काऊन? (आठ दिवसांत माझीही भाषा बिघडली.)

२९ मार्च
कॉलेजात मुलांना काय सांगायचे मी? योजनेनंतर काय झालं एवढंच बघू नका. योजना नसती तर काय झालं असतं, ते शोधा. ते जग दिसत नाही, पण त्याच्यासारखं गाव सापडू शकतं. नदीपलीकडे कुमरेटोला आहे. तीच झाडं, तोच व्यापारी, केंद्र नाही. उद्या डोंग्यानं जाते.

३१ मार्च
कुमरेटोल्यात भाव निम्मा! त्यातही थोडे पैसे, बाकी मीठ. बायकाच ओझी घेऊन घाटावर येतात.
नदीमुळे असेल का? वाहतुकीचा खर्च? म्हणून दोन्ही गावांत विचारत फिरले. केंद्र नव्हतं तेव्हा दोन्हीकडे एकच भाव होता, हाच, निम्मा. म्हणजे नदी नाही. नदी तेव्हाही होती.
गुणवंतराव घाटावर भेटले. सरळ विचारलं. ते लपवणाऱ्यांतले नाहीत. “इथी माझ्याबिगर कोणाले देतीन? तिकडं भाव पाडला त बायका उठून काट्यावर जातीन.”
बस! झाला अहवाल.

१४ मे, चंद्रपूर
पाठवला. मुख्य वाक्य: केंद्रानं फूल घेतलं नाही, पण फुलाला भाव दिला. पुढचं वाक्य मुद्दाम जाड अक्षरात: काटा, कारकून आणि खरेदीचा पैसा तयार असेल तोवरच. कुमरेटोल्यातही केंद्र द्या, असंही लिहिलं.
साहेबांचा फोन. खूश होते. “म्हणजे खरेदी न करताच काम होते? वा!”
हा ‘वा’ मला आवडला नाही.

११ मार्च २०२५
सोमारीचा फोन. केंद्रावर नवा मोठा बोर्ड लागला. कारकुनाची बदली, काटा उचलून नेला, दाराला कुलूप. आधार काय? माझा अहवाल! पहिलं वाक्य घेतलं, दुसरं सोडलं.

१३ मार्च
कार्यालयात गेले. साहेब म्हणाले, तुम्हीच लिहिलं ना, केंद्र नुसतं असलं तरी पुरे. मी म्हटलं, “चोर आला नाही म्हणून राखणदार काढता?”  ते म्हणाले, गावातून मागणी दिसली तर बघू. मी तिथेच बसून नवं टिपण लिहिलं. पोच घेतल्याशिवाय उठले नाही.

१६ मार्च, अहेरी
बाजारात गुणवंतराव. यंदा दोन्ही गावांत कुमरेटोल्याचाच भाव. “बोर्डाले कोण भेते, म्याडम?” त्यांनी रायपूरच्या बड्या व्यापाऱ्याला माल कबूल केला आहे, रामनवमीच्या आत. घाईत होते.
मीही घाईत आहे. गावी जाते. बायकांना सांगायचं — याला देऊ नका. पण घरात मीठ-तेल संपलेल्या बाईला थांब म्हणणारी मी कोण? तरी जाते.

२ एप्रिल, येरमेटोला
मला काही सांगावंच लागलं नाही. रामनवमी चार दिवसांवर, फूल कधीचं वाळून तयार, तरी गुणवंतरावांचा टेम्पो पुन्हा रिकामा परतला. पंडुम झालेला नाही. झिंगूला विचारलं, कधी? या वेळी त्यानं झाडाकडे पाहिलं नाही. केंद्राच्या कुलपाकडे पाहिलं आणि विडी पेटवली.
कुमरेटोल्यातही पंडुम व्हायचा आहे!