घाटी फुटली म्हणजे

सोलापूर, मंगळवार, ९ जुलै १९२९

१. धाकटा भाऊ शंकर दोन दिवस जेवला नाही.
२. आज मी त्याचा घसा तपासला. निरोगी.
३. तेव्हा तो बोलला, “आक्का, पोरं म्हनत्यात माजी घाटी फुटली. घास आत सांडंल की!”

आवाज बदलला की घाटी फुटली म्हणतात, फुटत काहीच नाही, असं सांगितल्यावर तो भाकरी जेवला. मग खाली बघत म्हणाला, “आनि अंगाचं बाकीचं? उगाच रडू येतं ते?”

“तोही आजार नाही,” एवढंच मी म्हणाले. नर्सिंगच्या परीक्षेत हे सगळं न अडखळता सांगितलं होतं. आज घाटीपाशीच का थांबले? अर्ध्या उत्तरावर तो पुन्हा घाबरून बसेल.

बार्शीला थोरल्या भावाला पत्र टाकलं: “दादा, शंकर वयात येतोय. काय बदलतं ते मी लिहून देते, त्याच्याशी तू बोल. येशील का, शनिवारपर्यंत कळव.”