बाजूला सारलेला चहा

२९ इस्फंद

बर्दियाला नेऊन आज एकेचाळीस दिवस. गुन्हा काय, तर शिक्षकांच्या पगारासाठी शाळेच्या फाटकाशी बसला! तुरुंगाच्या खिडकीवरचा शिपाई म्हणतो, "खाला, उद्या सण. घरी जा ना. इथे काय मिळणार?"

म्हटलं, "माझा लेक आत आहे. सण त्याच्याबरोबर."

आणीनच त्याला बाहेर.

१ फरवर्दीन

नवरोज, वर्षाचा पहिला दिवस. गव्हाचे अंकुर, सफरचंद, लसूण— सगळं मांडलं. बर्दियाची ताटलीसुद्धा.

यदुल्ला येईलच. धाकट्याने थोरल्या बहिणीकडे, आबजीकडे, आधी यायचं, ही रीत देशाच्या सुरक्षेच्या मोठ्या साहेबालाही चुकत नाही! आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा, मी अकराची. मीच वाढवला. सोळाव्या वर्षी आघाडीवर निघाला तेव्हा मी विणलेले मोजे त्याच्या बुटांत कोंबले. मग गुप्तवार्ता खातं, मग खासदारकी, मग सुरक्षा मंडळ. दर पायरीला शेजारणी म्हणायच्या, "गुलअंदाम, भावाने नाव काढलं हो!" मीही मिरवलं. खोटं कशाला बोलू?

त्याने नुसता एक फोन केला तरी माझं काम होईल. तोंड उघडून मागायचं, बस्स.

३ फरवर्दीन

तीन गाड्या. अख्खी गल्ली बंद. यदुल्लाने हाताचं चुंबन घेतलं, बसला. मी चहा ठेवला. त्याने पेला बाजूला सारला.

आमच्या घराण्यात पाहुणा चहा बाजूला सारतो तो काहीतरी मागायला आलेला असतो. 'हो' मिळेपर्यंत ओठाला लावत नाही. घरच्याने 'घ्या' म्हटलं की शब्द दिला. आणि मला वाटत होतं, मागणारी मी!

"आबजी, नवं पद हाताशी आलंय. फक्त हा भाचा आडवा येतोय." कागद काढला. बर्दिया परक्यांना फितूर झाला, आईने त्याच्याशी नातं तोडलं— असं काहीबाही. खाली माझ्या सहीची जागा.

"आणि त्याचं काय?"

"पाच वर्षं. मग बघू."

"घरच्यांकडूनच सही घ्यायची, ही अक्कल कुणाची?"

खाली बघून म्हणाला, "माझीच. माझ्या खात्यातल्या दिवसांपासून. लोक करतात, आबजी."

चहा पार निवला. मी पेला उचलला, त्याच्यादेखत मोरीत ओतला. "रक्ताच्या माणसाविरुद्ध मी सही करत नाही. ऊठ!"

दाराशी तो बूट घालत होता. सवयीने नाड्या बांधायला वाकणार होते. नाही वाकले.

४ फरवर्दीन

दिवसभर रडले. पस्तावले मात्र नाही.

१३ फरवर्दीन

आज अंकुर वाहत्या पाण्यात सोडायचे. तुरुंगाच्या वाटेवरच्या ओढ्यात सोडले आणि तशीच पुढे खिडकीवर.

"खाला, पुन्हा तू?"

"पुन्हा मी. उद्याही मीच."

हसला मेला. मी नाही हसले.

२ उर्दीबेहेश्त

चार दिवस झाले, बातम्यांत यदुल्ला नाही. फोटोसुद्धा नाही. संध्याकाळी भावजयीचा फोन. "आबजी, त्यांना घेऊन गेले! वरच्यांची मर्जी फिरली. कुठे ठेवलंय, सांगत नाहीत."

माझ्या तोंडून निघालं— "जेवला होता का गं?"

५ उर्दीबेहेश्त

सकाळी दोन माणसं आली. चहा ठेवला. दोघांनीही पेले बाजूला सारले.

तोच कागद, तीच भाषा. फक्त नाव यदुल्लाचं. परक्यांची पत्रं तो माझ्या घरातून पाठवायचा, म्हणे. "सही करा, बाई. बर्दिया रात्रीच्या जेवणाला घरी."

असलं एक पत्रही मी कधी पाहिलं नाही.

बर्दियाची ताटली अजून मांडलेलीच होती. मी तिच्याकडे बघितलं.

म्हटलं, "चहा घ्या. निवतोय."