यादीत नसलेला देश

लोद, ४ नोव्हेंबर १९६२

ती. मेनाशेमामांस रूतचा शालोम व सा. न. वि. वि.

आम्ही खुशाल आहोत. इथं शाळेत सगळं हिब्रूत असल्यानं माझं मराठी आता अडखळतं, म्हणून आई शेजारी बसून काना-मात्रा सुधारते आहे.

यंदा दहावीला प्राचीन जगाचा इतिहास आहे. प्रत्येकाने एका समाजावर वर्गापुढे बोलायचं. फळ्यावरच्या यादीत मिसर, सुमेर, बाबेल, ग्रीस, रोम. मी सिंधूकाठची शहरं मागितली. आमच्या ब्राखाबाई म्हणाल्या, ते पुस्तकात नाही, तू पिरॅमिडांचं मिसर घे. मी विचारलं, पुस्तकात नाही म्हणजे झालंच नाही का? त्यावर त्या म्हणाल्या की तुमच्याकडे तेव्हा माणसं झाडावर राहत असतील. वर्ग हसला. मी तास संपेपर्यंत उभीच राहिले.

तुम्ही रेवदंड्याला इतकी वर्षं इतिहास शिकवलात. असेल ते पाठवा. आपल्या पूर्वजांनी काय काय बांधलं ते मला दाखवायचंच आहे. आई म्हणते, गप मिसर घे. मी घेणार नाही.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो टपालानेही येऊ द्यावा.

तुमची रूत


रेवदंडा, २९ नोव्हेंबर १९६२

चि. रूत हीस अनेक आशीर्वाद.

तुझी मामी म्हणाली, पोरगी आईवर, फ्लोरावर गेली. मी म्हटलं, माझ्यावर. सोबत टिपणं आणि नकाशा धाडतो.

एक गोष्ट बजावतो. त्या लोकांना आपले पूर्वज म्हणू नकोस. आपण कोकणातले यहुदी, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. त्यांचं-आपलं नातं सांगणारा पुरावा नाही. त्यांची लिपी अजून कुणाला लागलेली नाही, त्यांचे राजे होते की नव्हते तेही ठाऊक नाही. हे सगळं वर्गाला सांग. न जाणता बोलणारे तुला हसले. तू तसं बोलायचं नाही. पण एका मापाच्या विटा, झाकलेली गटारं, घराघरात न्हाणी, हे जमिनीतून वर आलंय. ते कुणाच्या बापाला पुसता यायचं नाही. खाली बसवलं तर पुन्हा उभी राहा.

तुझा मामा


लोद, २० जानेवारी १९६३

ती. मामांस रूतचा सा. न.

‘पूर्वज’ शब्दावरून मी दोन दिवस तुमच्यावर रुसले होते. मग तो खोडला.

बाईंनी मला मिसरच लावलं होतं; त्या दिवशी मी उठून मोहेंजोदडो असं म्हटलं. बाई म्हणाल्या, बस. मी बसले नाही. त्यांनी वहीत शून्य मांडलं. पुढची पाळी माझ्या मैत्रिणीची, लिआची. तिची माणसं बसऱ्याहून, म्हणजे सुमेरच्याच मुलखातून आलेली, म्हणून तिचा विषय सुमेर. तुमची टिपणं मी तिला आधी वाचून दाखवली होती. ती फळ्यापाशी जाऊन म्हणाली की सुमेरच्या ऊर शहरात सिंधूकडचे शिक्के सापडलेत. ते कुणाचे, हे रूतनं सांगितल्याशिवाय माझा विषय पुरा होत नाही.

लिआशेजारी उभी राहून मी बोलले. लिपी लागत नाही म्हटल्यावर बाईंनीच विचारलं, का लागत नाही? मी सांगितलं की शिक्क्यांवरचे लेख फार त्रोटक आहेत. त्यांनी ते लिहून घेतलं. शून्य मात्र तसंच ठेवलं, आणि लिआचेही मार्क कापले. लिआ म्हणते, कापू देत.

शून्यवाल्या भाचीवरची माया कमी करू नये.

रूत


लोद, ३ मार्च १९६३

ती. दादास फ्लोराचा सा. न.

रूतचं निकालपत्रक आलं. इतिहासात शून्य, खाली शेरा ‘हट्टी’. पालकांची सही हवी, म्हणून ड्यूटी सुटल्यावर कारखान्याचा एप्रन न काढताच शाळेत गेले. ब्राखाबाई म्हणाल्या, मुलीनं माफी मागितली तर पास करते. मी विचारलं, पोरगी काही खोटं बोलली का? त्या म्हणाल्या, नाही, पण सांगितलेलं ऐकलं नाही. म्हटलं, मग शून्य राहू द्या.

सही मी मराठीत केली. बाई म्हणाल्या, इथं हिब्रूत करा. मला हिब्रूत सही येते रे दादा, हजेरीला रोज करते. मी पत्रक पुन्हा पुढ्यात ओढलं आणि त्याच सहीखाली दुसरी सही केली. मराठीतच, आणि पहिलीपेक्षा मोठी.

वहिनीस नमस्कार. माहेरचा लोभ असाच राहो.

तुझी फ्लोरा