मंत्र्याचा डोळा

प्रिय कल्याणी,

सप्रेम जय भीम. आनंदरावांनाही सांग. फोनवर तू रोज मंत्र्याच्या डोळ्याची चौकशी करतेस आणि मी ‘बरा आहे’ एवढंच म्हणून ठेवून देतो. सुंदरा शेजारीच बसलेली असते, तिच्यासमोर सगळं बोलता येत नाही. म्हणून हे पत्र.

आधी बातमी. काल जनावरांच्या डॉक्टरबाईंनी जखम दिसावी म्हणून त्याच्या डोळ्यात तो रंगाचा थेंब टाकून निळा दिवा धरला. पहिल्यांदा नेलं तेव्हा बुबुळावर हिरवागार ठिपका चमकला होता, तोच व्रण. काल हिरवं काही दिसलं नाही. जखम भरली. पांढुरका डाग राहील, पण दिसतं त्याला. डोळा खाजवू नये म्हणून गळ्यात घातलेलं प्लास्टिकचं नरसाळं निघालं, तर शनिवार पेठेत घरी पोचेपर्यंत रिक्षात नुसता अंग झाडत होता.

दिवसभर बसून खातो आणि कुणाचं ऐकत नाही म्हणून धम्मदीपने त्याचं नाव मंत्री ठेवलं. नोकरीत एवढे मंत्री सोसले, आता निवृत्तीनंतर घरातही एक, असं मी म्हटलं होतं, आठवतं? माझा धम्मदीप अपघातात गेल्यापासून या घरात आवाज म्हणावा तर या कुत्र्याच्या घोरण्याचाच. सून म्हणून आलेली तू आनंदरावांशी पुन्हा लग्न करून गेलीस तेव्हा मंत्र्याला आमच्यापाशी ठेवलंस, ते कुणासाठी हे मला कळलं होतं.

तर औषध. दिवसातून कितीतरी वेळा दोन वेगळे थेंब, मध्ये थोडं थांबायचं, आणि दर वेळी बघायचं, डोळा मिटून घेतोय का, पाणी गळतंय का, बुबुळ धुरकट झालंय का. बघेन मी, पण त्याला धरणार कोण? सुंदराच्या हातून सुटून तो पलंगाखाली शिरायचा. मी ओढायला गेलो तर चावला. थेंब चुकले तर डोळा जाईल, असं डॉक्टरबाईंनी बजावलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सुंदरा उठली, मोबाइल घेऊन आली आणि तू काढलेला तो व्हिडिओ तिने लावला. खडकवासल्याला कणीस खाता खाता धम्मदीप त्याला दटावतोय, ‘ए मंत्री, बस. शहाणा आहेस ना?’ मंत्री पलंगाखालून बाहेर आला, बसला, मान वर केली. मी थेंब टाकले. सुंदराकडे बघायची हिंमत झाली नाही. लेक गेल्यापासून तिने त्याचा आवाज ऐकला नव्हता. ऐकला तर कोलमडेल, असं मला वाटायचं.

ती कोलमडली नाही. औषधाच्या वेळेआधीच मोबाइल घेऊन तयार असायची. ‘ऐकलंत का, शेवटी हसतोय बघा,’ म्हणायची. मीही पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात उभा राहून ऐकायचो. डोळा निवळत होता, आणि डॉक्टरबाई ‘छान प्रगती आहे’ म्हणाल्या की आम्ही दोघं थेंबांचे उरलेले दिवस मोजायला लागायचो.

काल औषध बंद झालं. संध्याकाळी सुंदराने तरीही व्हिडिओ लावला. मंत्री धावत आला, बसला, मान वर करून थांबला. थेंब नाहीत, काही नाही. मग उठला आणि दाराकडे तोंड करून बसला तो बसलाच. जेवलाही नाही. सुंदरा बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. म्हणाली, ‘अहो, तो येणार नाही हे मला माहीत आहे. याला कसं सांगायचं? आणि मला आता ते ऐकल्याशिवाय राहवणार नाही, मी लावलं की हा असा वाट बघत बसणार. कल्याणीला कळवा, घेऊन जा म्हणावं याला.’ बाळ, रविवारी सकाळी ये. ती तेव्हा मंडईत जाणार आहे. ‘माझ्यासमोर नको,’ असं तिनेच सांगितलंय. तुझ्या हाकेलाही तो असाच धावत येतो. आणि तुझी हाक आली की समोर तू दिसशील तरी त्याला.

तुझेच,
बाबा