आखाजीच्या आत बॅटरी

१० एप्रिल, गुरुवार
सबस्टेशनवरून निवृत्त होऊन दहा महिने झाले, पण रोजच्या बिघाडांची लॉगशीट भरल्याशिवाय जेवण जात नाही. म्हणून ही वही. कोणी वाचू नये. वाचली तरी समजणार नाही.

आजचा बिघाड: सूनबाईंचा गेमचा रिमोट. चार्ज होत नाही. पुष्पांजली, म्हणजे सूनबाई, त्याला कंट्रोलर म्हणते. लग्नाला दोन महिने झाले. संध्याकाळी स्वयंपाक आटोपला की ही इकडे वरवट बकालात टीव्हीसमोर बसते, तिची धाकटी बहीण काजल तिकडे अकोल्यात बसते, आणि दोघी नेटवरून फुटबॉल खेळतात. खेळताना भांडतात, ओरडतात, हसतात. एरवी सूनबाई या घरात फार हळू बोलते. तेवढा वेळ घरात कोणी राहते असे वाटते. तेही बंद पडले.

जेवताना राजकुमार म्हणाला, आखाजीले पुष्पा माहेरी जाऊनच राह्यली, तवा रिमोट तिचे बाबा पायतीन. आमचे चिरंजीव. जळगाव जामोदला बँकेत आहेत, अक्कल मात्र लॉकरमध्ये ठेवून येतात. संताप आला. भाकरी टाकून उठलो. (नंतर खाल्ली.)

तिचे बाबा म्हणजे आमचे व्याही अर्जुनराव. आयटीआयमध्ये मास्तर होते. मी काय एकतीस वर्षे तेहेतीस हजार व्होल्टशेजारी खुर्ची टाकून माशा मारत होतो? याच अर्जुनरावांनी लग्नात भर मांडवात सर्वांसमोर म्हटले होते, व्याहीबुवा, हॅलोजनचं अर्थिंग राह्यलं वाटते. राहिले नव्हते. सैल होते. राजकुमारच्या मामाला बसलेला झटका किरकोळ होता.

निश्चय: बॅटरी याच घरात, माझ्या हातून, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत दुरुस्त होईल. रिमोट अकोल्याला जाणार नाही.

तपासणी: चार्जिंगची वायर उंदराने कुरतडली होती. ती मी मागच्याच आठवड्यात जोडून वर लाल टेप मारला. तेव्हा वायरचा प्रश्न मिटला.
बिघाडाचे कारण: कंपनी.

११ एप्रिल, शुक्रवार
स्क्रू बनवणाऱ्याला चौकात उभा केला पाहिजे. मोहरीएवढे स्क्रू! आम्ही नोकरीत चोवीस नंबरच्या पान्याखाली हात घालत नव्हतो. शेवटी चष्म्याच्या डबीतला पेचकस काढला. दोन स्क्रू निघाले, तिसरा ज्वारीच्या पिठात पडला. बायकोने, म्हणजे आशाबाईने, पीठ चाळून दिले, पण तोंडाने जे चाळले ते इथे लिहीत नाही.

मध्येच सूनबाई दाराशी येऊन म्हणाली, मामाजी, मोबाईलची वायर लावून पाहू का? मी म्हणालो, मोबाईलची वायर मोबाईलला, रिमोटची रिमोटला. उद्या म्हणशील मोटारीची वायर मिक्सरला लाव. आवाज जरा चढला असेल. ती बरं म्हणाली आणि आत गेली. शिकलेल्या मुली, पण मूलभूत गोष्टी कोणी शिकवत नाही.
विलंबाचे कारण: पीठ.

१२ एप्रिल, शनिवार. हनुमान जयंती
मुहूर्तावर झाकण उघडले. आत बॅटरी म्हणजे बिस्किटाएवढी चंदेरी पुडी. वर लिहिले आहे ३.७ व्होल्ट. मल्टीमीटर लावला. ३.१. म्हणजे बॅटरी कमजोर. निदान पक्के. एवढ्यासाठी आयटीआयची गरज नाही.

कमजोर सेलवर उपाय मला कोणी शिकवायचा नाही. नोकरीत तीन सेलच्या टॉर्चवर मी कित्येक रात्री काढल्या. सेल मंद झाले की कंट्रोल रूमच्या स्लॅबवर उन्हात टाकायचे. संध्याकाळी पुन्हा उजेड. आणि आपल्याकडचे ऊन फुकट आहे. कंपन्या हे सांगत नाहीत, कारण त्यांना नवीन विकायची असते. चोर साले.

१४ एप्रिल, सोमवार
बॅटरी कालपासून गच्चीवर. आशाबाईच्या कुरडया वाळत आहेत, त्याच खाटेवर कडेला जागा घेतली. आशाबाई म्हणाली, माह्या कुरडयाईपाशी तुमचं ते इंजन ठेवू नका, आखाजीले पुष्पासंगं अकोल्याले धाडाच्या हायेत. व्याह्यांच्या कुरडयांसाठी माझ्या कामाने जागा सोडायची! बॅटरी खाटेच्या मधोमध सरकवली.

संध्याकाळी पाहिले तर बॅटरी टम्म फुगलेली. चार्ज धरते आहे. ऊन पोटात गेल्याशिवाय फुगेल कशी?

१६ एप्रिल, बुधवार
फुगली ते ठीक, पण आता झाकण बसत नाही. दाबून पाहिले. राजकुमार ओरडला, बाबा, दाबू नका बे ते, फुटते! बापाला बे म्हणतो. बँकेतल्या संगतीचा परिणाम. त्याला सुनावले.

सूज उतरवण्यासाठी बॅटरी माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवली.

१९ एप्रिल, शनिवार
सूज थोडी उतरली. माझ्या मते उतरली. आशाबाईला विचारले तर ती म्हणाली, तुमी म्हनता तं उतरली असंन.

बॅटरीला चारही बाजूंनी लाल टेप मारला आणि रिमोटमध्ये बसवली. झाकण वर आले, त्याला रबर लावले. माझ्या वायरने चार्जिंगला लावले. लाइट लागला नाही. पहिल्या चार्जिंगला वेळ लागतोच. रात्रभर राहू द्या म्हणालो. कोणी हात लावायचा नाही.

दुपारी पुष्पांजलीचे छोटे पार्सल आले होते. आशाबाई म्हणाली, बांगड्या असतीन. बायकांना बांगड्या किती लागतात!

२० एप्रिल, रविवार
चालू!!!

सकाळी उठून पाहतो तर रिमोटचा लाइट हिरवा. आणि झाकण आपोआप बसलेले, रबर बाजूला पडलेले. रात्री गारव्याने बॅटरी आकसली असणार. लोखंडाचे रूळ आकसतात, तिथे बॅटरी काय! संध्याकाळी दोघी बहिणी खेळल्या. सूनबाई दोनदा जोरात ओरडली. मी बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसलो होतो. पेपर उलटा होता, पण मी कुठे वाचत होतो?

अर्जुनरावांना फोन केला. म्हणालो, तुमच्या मुलीचा रिमोट घरच्या घरी दुरुस्त झाला, तुम्हाला त्रास नको. ते म्हणाले, वा, बेस केलं. बस, एवढेच! माणसाला दुसऱ्याचे चांगले बोलवत नाही. म्हणालो, पुष्पाला घ्यायला आखाजीआधी याल तेव्हा डोळ्यांनी पाहा.

२२ एप्रिल, मंगळवार
बसस्टँडवर चहा घेताना चारजणांना पद्धत समजावली. कचरू मोबाईलवाला विचारू लागला, काका, सोनाळ्याच्या पोरायच्या रिमोटच्या दोन पॅक माह्याकडं मेल्या पडल्या, पाहता का? म्हणालो, आण. लोक ओळखतात. घरातल्यांना वेळ लागतो.

कचरूच्या पॅक गच्चीवर लावल्या. कुरडयांची खाट अजून रिकामी झालेली नाही, म्हणून तिथेच एका कडेला.

एक गोष्ट: रिमोट सूनबाई तिच्या खोलीत चार्ज करते. माझी वायर टीव्हीखाली तशीच लटकलेली दिसते. चार्ज मग कशाने होतो? विचारायचे राहून गेले.

२५ एप्रिल, शुक्रवार
उष्णता भयंकर. दुपारी गच्चीवरून फट्ट असा आवाज. कचरूची एक पॅक फुटली. धूर, घाणेरडा गोडूस वास, आणि खाटेवरची सगळी कुरडई काळी. चादर जळाली. आशाबाईने पाण्याची बादली आणली, मी अडवली, इलेक्ट्रिकच्या कामात पाणी चालत नाही. तिने मलाही बाजूला लोटून रेतीची पाटी ओतली. ते बरोबर होते, पण लोटायची गरज नव्हती.

नंतर ती जिन्यावर बसून रडली. म्हणाली, चार दिवस गहू भिजत घातले होते म्या, पोरगी पयल्यांदा आखाजीले माहेरी जाऊन राह्यली, रिकाम्या हातानं धाडू का तिले? मी म्हणालो, कुरडया विकत मिळतात. हे बोलायला नको होते. आशाबाई फीडर दुपारपासून ट्रिप, म्हणजे बोलणे बंद.

सूनबाईने गच्ची धुतली. मी म्हणालो, माल डुप्लिकेट होता, तुझ्या वेळी ओरिजिनल असल्यामुळे काही झाले नाही. ती हो मामाजी म्हणाली आणि पाणी ओतत राहिली.
बिघाडाचे कारण: कचरू.

२८ एप्रिल, सोमवार. दुपार
अर्जुनराव सकाळच्या बसने आले. पाणी दिले. चहा ठेवेपर्यंत मला धीर नव्हता. रिमोट मागवला. बॅटरी उतरलेली होती, तेच पाहिजे होते. म्हणालो, आता बघा, उतरलेला सेल कसा चार्ज धरतो. टीव्हीखालची माझी वायर लावली.

लाइट नाही.

पुन्हा लावली. नाही. तिसऱ्यांदा बोर्डाचा पॉइंट बदलला. नाही. अर्जुनराव पाण्याचा पेला धरून वायरकडे पाहत उभे. ते पाहणेच मला सहन होत नाही. म्हणालो, थांबा, आतून दाखवतो. चष्म्याचा पेचकस आणला, चारही स्क्रू काढले.

आत नवी कोरी बॅटरी. चपटी. लाल टेप कुठेच नाही.

मी ओरडलो, माझी बॅटरी कुठे आहे? कोणी बदलली? आधी अर्जुनरावांकडेच पाहिले. त्यांना येऊन जेमतेम पाच मिनिटे झाली होती, तरी पाहिले. राजकुमार पंख्याकडे पाहू लागला. आशाबाई दारातून हललीच नाही.

तेव्हा पुष्पांजली पुढे आली. माझ्याकडे नाही, बापाकडे पाहून बोलली. म्हणे, बाबा, जुनीवाली मामाजीनं दुरुस्त केली होती, चांगली चालली. मंग मामाजीच म्हनाले, फुगलेली ठेवनं धोक्याचं हाय, म्हनून यायनंच नवी आनाले लावली. इसरले असतीन. एवढे ती या घरात एका दमात कधीच बोलली नव्हती.

अर्जुनरावांनी मुलीकडे पाहिले. मग खाली वाकून माझी वायर उचलली, रिमोटला लावली. लाल टेपची गाठ दोन बोटांत दाबली. रिमोटचा लाइट लागला. सोडली. विझला. पुन्हा दाबली. पुन्हा लागला. मग वायर हळूच टीव्हीखाली ठेवली आणि म्हणाले, व्याहीबुवा, सेल बदलला ते बेस केलं. आणि चहा प्यायला बसले.

वायरबद्दल एक शब्द नाही. लग्नात बोलले तसे बोलायला काय झाले होते? उत्तर माझे तयार होते.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी
सूनबाई काल सकाळी वडिलांबरोबर गेली. बसमध्ये बसवायला मीही स्टँडवर गेलो. निघताना रिमोट माझ्या टेबलावर ठेवून गेली. म्हणाली, मामाजी, हा इथंच राहू द्या, तिकडं काजलचा हाय, म्या आठ दिवसांत येऊनच राह्यली. म्हणजे रिमोट अकोल्याला गेला नाही. निश्चय पूर्ण झाला असे लिहिता येईल.

दुपारी जेवायला आम्ही दोघेच. राजकुमार मित्राकडे जेवायला गेला, सणाच्या दिवशी. रस होता, पुरणपोळी होती. कुरडई नव्हती.

न राहवून आशाबाईला विचारले, मला कोणी सांगितले का नाही? ती वाढतच राहिली. मग म्हणाली, सांगितलं नाई कसं? तिनं दुसऱ्याच दिवशी इचारलं, मोबाईलची वायर लावून पाहू का म्हनून. तुमी असे वरडले का ती स्वयंपाकखोलीत येऊन उभी राह्यली. उन्हात फुगल्यावर तिनंच नवी मांगवली, आपल्या पैशानं. रातच्या रात बसवली आन् मले म्हनाली, मामाजीले सांगू नका, त्यायले बरं वाटून राह्यलं.

बॅटरी मुळात चांगली होती. उतरलेली होती, एवढेच. ती मी मारली.

विचारले, बापाशी खोटे बोलली ते मला भिऊन की दुसऱ्या कशामुळे? आशाबाई म्हणाली, मले का मालूम? तिलेच इचारा. आणि रस वाढला.

विचारणार कसे? विचारताना आवाज चढला तर ती पुन्हा बरं म्हणेल.

माझ्यासाठी ती सख्ख्या बापासमोर खोटे बोलली. राग येण्यासारखी गोष्ट आहे आणि राग आलाही आहे. सकाळपासून तो कोणावर काढावा ते शोधतो आहे. घरात आशाबाईशिवाय कोणी नाही.

संध्याकाळी मोबाईलची वायर रिमोटला लावली. लाइट लगेच लागला.

बिघाडाचे कारण: उंदीर. खोडले. कारण: टेप. खोडले. नोकरीत कारणाचा रकाना कोरा ठेवायला मनाई होती, वरून मेमो यायचा. आज तो तसाच सोडला आणि खाली नियमाप्रमाणे सही केली.