स्कीला चिकटलेली गोधडी

ती. शैलाताईस,

बॉथेलहून त्र्यंबकचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम चढतेस, म्हणून काही म्हणत नाही. इथे मी ठीक आहे. (ठीक म्हणजे बी.पी. ठीक. बाकीचं पुढे येईलच.)

परवा तू फोनवर विचारलंस, रिटायर झाल्यापासून दिवसभर करतोस तरी काय, आणि मी घाईघाईने तुझ्या कुंड्यांची चौकशी सुरू केली. त्याचं कारण असं की तेव्हा मी गॅरेजमध्ये होतो आणि माझा डावा हातमोजा टेबलाला चिकटलेला होता. मी स्की बनवतोय. बर्फावरून घसरत जायला पायाला बांधतात त्या लांब फळ्या. त्या दुकानात ढिगाने मिळतात हे मला माहीत आहे, ते तू सांगू नकोस. पण कांचन गेल्यापासून अनयचं इथे येणं कमीच होत गेलं. प्लेनोहून विमान, सुनेचं ऑफिस, रुहीची शाळा. विचारलं की म्हणतो, "बाबा, बघू. इट डिपेंड्स." कशावर ते तो सांगत नाही आणि मी विचारत नाही. मग एकदा व्हिडिओ कॉलवर रुही वर्गातल्या कुणाच्या तरी स्कीइंगबद्दल बोलत होती, तर माझ्या तोंडून निघून गेलं की मी तुझ्यासाठी स्की बनवतोय. (बनवत नव्हतो.) पोरगी हरखली. प्लेनोत बर्फ पडून पडणार किती? डोंगर माझ्याकडे, स्कीही माझ्याकडे, म्हणजे ख्रिसमसच्या सुट्टीत त्यांना इकडेच यावं लागणार, असा आपला बेत.

तर यात लाकडाच्या पट्ट्या आणि काचेच्या धाग्यांचं कापड एकावर एक ठेवून इपॉक्सी रेझिनने चिकटवतात. रेझिन एका बाटलीत, हार्डनर दुसऱ्या बाटलीत, दोन्ही मिसळलं की घट्ट होतं. बाटलीवर लिहिलं होतं, थोडं थोडंच कालवा. आता थोडं थोडं करायची सवय आपल्या घरात कुणाला आहे सांग. कांचन दोघांसाठी कढी करायची ती दहा जणांच्या पातेल्यात, कोण येईल सांगता येत नाही म्हणून. (तेव्हा यायचेही लोक.) मी तेच पातेलं काढलं आणि सगळं एकदम कालवलं. पाच-दहा मिनिटांत पातेलं तापलं, धूर निघाला, अलार्म केकाटायला लागला आणि डाव आत उभाच्या उभा गोठला. शेजारीणबाई धावत आल्या. पातेलं अंगणात ठेवलं, त्यांना चहा केला, चांगल्या तासभर बसल्या. खरं सांगू का, धुराच्या निमित्ताने का होईना, दार वाजलं याचाच मला आनंद झाला.

दुसऱ्यांदा शहाण्यासारखं वाटीवाटीने कालवलं आणि स्की साच्यात दाबून ठेवल्या. पण गॅरेजमध्ये ही थंडी. दुसऱ्या दिवशीही रेझिन आपलं चिकटच. मग म्हटलं, थंडीत दही लागत नाही तेव्हा आपण काय करतो? गुंडाळून ठेवतो. साच्याचं झाकण काढून स्कीवर गोधडी पांघरली आणि तिच्यावर गरम पाण्याच्या पिशव्या ठेवल्या. ताई, रागावू नकोस. घरात गोधडी एकच आहे. कांचनच्या साड्यांची तू शिवून पाठवलेली. मध्ये प्लास्टिक घालायचं असतं, ते मी विसरलो.

सकाळी ओढायला गेलो तर गोधडी हलेना. शेवटी कात्रीने कडेकडेने कापली, आतलं पदर पदर सोलून काढलं, पण खालचा थर स्कीलाच राहिला. पिस्ता रंगाची ती बारीक बुट्ट्यांची साडी आठवते? अनयच्या मुंजीत नेसलेली? रेझिन मुरल्यावर ती इतकी लख्ख दिसायला लागली की जणू आत्ता धुऊन वाळत घातली आहे. तुझे टाकेसुद्धा मोजता येतात. मी तिथेच गॅरेजमध्ये खाली बसलो आणि रडलो. ती गेली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, सगळ्यांना चहापाणी बघण्यात रडायचं राहूनच गेलं होतं.

स्की दिसायला मात्र झकास झाल्या आहेत. उरलेली गोधडी रात्री मीच पांघरतो. एका बाजूने जरा टोचते, एवढंच.

तुझा,
त्र्यंबक

ता. क. पातेल्यातला डाव अजून निघालेला नाही. अंगणात तसंच ठेवलंय. शेजारीणबाईंना ते शिल्प वाटतं आणि मी त्यांना तसं वाटू दिलंय.

ता. क. स्की झकास झाल्या हे खोटं आहे. साच्यात दोन्ही पिळवटल्यात. पायात घातल्या तर पोरीचा एक पाय बॉथेलला राहील आणि दुसरा सिएटलला जाईल. भिंतीवर टांगण्यापलीकडे त्यांचा काही उपयोग नाही. आता अनयला काय सांगू? तो तुझं ऐकतो. त्याला एक फोन कर. म्हणावं, स्की काही जमल्या नाहीत, तरी ये. मी फोन उचलला की एवढंच नेमकं बोलता येत नाही.