अख्ख्या घराचा पंखा

हडपसर, ३ मार्च २०२५

चि. स्वरालीस, मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन न करता पत्र का, असं विचारशील. मला उत्तरात चित्र हवं आहे, आणि मोबाइलवरची चित्रं माझ्या चष्म्याला मानवत नाहीत.

गेल्या एप्रिलात मला भोवळ आली, ते तुला ठाऊक आहेच. उन्हाळा गार जागी काढा, असं डॉक्टरांनी बजावलं आणि सलिल मला हिंजवडीला त्याच्या फ्लॅटवर घेऊन गेला. मुलगा गुणी, सून गुणी, एसीसुद्धा गुणी. तुझे काका मात्र आले नाहीत. स्वतः बांधलेलं घर टाकून लेकाच्या खिडकीत काय बसायचं, म्हणाले. सगळा उन्हाळा आम्ही गावाच्या दोन टोकांना! इथे एसी लावावा, तर यांचा खोकला उसळतो. यंदाही पाडव्यानंतरच्या रविवारी गाडी घेऊन येतो, असं सलिलने कळवलं आहे. मला जायचं नाही गं.

परवा वाचलं, की छतात एकच मोठा पंखा बसवला की अख्खं घर गार होतं. खरं की थाप? आमचं घर कौलारू, खाली लाकडी फळ्यांची तक्तपोशी, मध्ये माळा. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, पण हा पंखा हवा कुठून घेतो नि कुठे टाकतो, ते कळेना. तू आर्किटेक्ट, तूच सांग.

तुझा लोभ किती, ते उत्तर किती लवकर येतं त्यावरून ठरवेन.

तुझी
पद्मजामावशी


सदाशिव पेठ, ७ मार्च २०२५

ती. मावशीस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पाकीट पाहायला अख्खं ऑफिस जमलं. हडपसरहून ते बसपेक्षा लवकर आलं, असं सगळ्यांचं मत पडलं.

थाप नाही. मात्र हा पंखा एसीसारखी हवा गार करत नाही, नुसती बदलतो. दिवसा घर बंद ठेवायचं. संध्याकाळी बाहेरची हवा घरातल्यापेक्षा गार झाली, की खिडक्या उघडून पंखा लावायचा. तो घरातली ऊब माळ्यावर ढकलतो, ती तिथल्या झरोक्यांच्या जाळ्यांतून बाहेर जाते आणि खिडक्यांतून गार हवा आत येते. चित्र सोबत आहे. आमच्या स्लॅबच्या फ्लॅटला हे जमायचं नाही, तुमच्या कौलांना शोभेल.

दुकानदार दाखवेल तो सगळ्यात मोठा घेऊ नकोस. घराला पुरेल एवढाच घे, सावकाश फिरणारा, म्हणजे काकांची झोप मोडणार नाही. आधी माळ्याच्या जाळ्या वाढवून घे, नाहीतर तो जागच्या जागी घोंघावत बसेल. आणि खिडक्या बंद ठेवून कधीच लावू नकोस. वारा कुठून येतो ते पाहायला उदबत्ती लाव, धूर सगळं सांगतो.

काकांना नमस्कार. ते पंख्याला काय नावं ठेवतात, ते वाचायची फार उत्सुकता आहे.

तुझी
स्वराली


हडपसर, २७ मार्च २०२५

चि. स्वरालीस, अनेक आशीर्वाद.

पंखा बसला. दार असताना छताला भोक पाडून आलेला पाहुणा, असं काकांनी त्याचं स्वागत केलं.

पण मुली, घर गार होत नाही. संध्याकाळी मी मागचं दार, मागच्या खिडक्या सगळं उघडते, मग पुढच्या खोलीत येऊन बटण दाबते आणि डॉक्टरांच्या हुकमाप्रमाणे खुर्चीत बसते. दिवेलागणीपर्यंत जरा बरं वाटतं. त्यानंतर तापलेल्या रस्त्याचा वास तेवढा घरात येतो. पुढच्या खिडकीशी उदबत्ती धरली, तर धूर आत धावतो. मागे स्वयंपाकघराच्या बाजूने मात्र वाऱ्याचा पत्ता नाही. असं का व्हावं, याचा विचार करून डोकं शिणलं.

बॅग भरायला घेतली आहे. काकांनी माझी उशी तेवढी उन्हात घातली.

उत्तराची वाट पाहते.

पद्मजामावशी


सदाशिव पेठ, ३१ मार्च २०२५

ती. मावशीस, शि. सा. न. वि. वि.

पंख्याचा दोष नाही. दिवेलागणीला मागे जाऊन बघ.

मी सुट्टीत तुमच्याकडे यायची, तेव्हा काका देवापुढे दिवा लावायच्या आधी मागचं दार आणि खिडक्या लावून घ्यायचे. पुढून आलेली लक्ष्मी मागून निघून जाऊ नये, हा त्यांच्या आईंचा नियम. अजूनही लावत असणार, आणि तुलाही त्याची इतकी सवय, की तुझं लक्षच गेलं नसेल. तुमची गार हवा मागे आंब्याखाली आहे. ती बंद केलीत, तर पंखा बिचारा रस्ता ओढणार नाही तर काय करणार?

हे काकांना कसं सांगायचं, ते तूच पाहा. मला भीती वाटते.

तुझी
स्वराली


हडपसर, ८ एप्रिल २०२५

चि. स्वराली हिस, आशीर्वाद.

तुझं पत्र मावशीने टेबलावर उघडं ठेवलं होतं. ते मी वाचावं म्हणूनच ठेवलं होतं, एवढं इतक्या वर्षांच्या संसारात कळतं.

त्या संध्याकाळी मागचं दार लावायला गेलो आणि कडीवर हात तसाच राहिला. आमच्या आईने हा नियम जन्मभर पाळला, तिच्यामागे मी. गेल्या उन्हाळ्यातही रोज न चुकता दार लावलं, तरी पानावर मी एकटाच होतो. म्हणून परत फिरलो. दिव्याला काच लावली, दाराला डासांची जाळी बसवून घेतली.

रविवारी सलिल गाडी घेऊन आला, रात्री राहिला. पहाटे त्याने पांघरूण मागितलं. चहा घेऊन तो एकटाच परत गेला. मे महिना अजून जायचा आहे, तेव्हा पंख्याचा सत्कार इतक्यात नको.

मावशी इथे आहे, याचा मला फार आनंद आहे. हे तिला तू कळव. माझ्या तोंडून ऐकलं तर तिला खरं वाटायचं नाही.

येत जा.

तुझे काका
श्यामसुंदर